मिनीव्हॅनच्या मागच्या हीटरचे गंजलेले पाइप

प्रश्न: मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे माझ्या २००८ च्या मिनीव्हॅनच्या मागच्या हीटरकडे जाणारे पोलादी पाइप गंजले असून मागच्या चाकापुढे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) ठिबकते. पाइप पूर्ण बदलावेत, की गंजका भाग कापून रबरी होज जोडावा?

उत्तर: गंज एकाच जागी दिसत असला, तरी पाइप धरून ठेवणाऱ्या क्लिपांखाली, जिथे मिठाचा चिखल साचतो, तिथे आधी बोट फिरवून पाहावे, पापुद्रे सुटत असतील तर जोड देण्यात अर्थ नाही, कारण क्लॅम्प आवळताच पाइप चेपतो. पाइप धड असेल, तर कापलेल्या टोकाला उठावदार कडा काढूनच हीटर होज चढवावा, नाहीतर दाबाने तो निसटतो. होज सायलेन्सरपासून लांब बांधावा.

दुसरे उत्तर: मागे कोणी बसत नसेल, तर इंजिनजवळच मागे जाणारे दोन्ही फाटे एकमेकांना जोडून मागचा हीटर बंद करणे सर्वांत स्वस्त.

प्रश्नकर्ता: मुले मागेच बसतात, त्यामुळे पाइप पूर्णच बदलतो. कूलंटच्या पाइपांत शिरलेली हवा कशी काढावी?

उत्तर: थंड इंजिनात निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी भरून, दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवून, मागून गरम हवा येईपर्यंत इंजिन चालवावे आणि ते निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी. सांडलेले कूलंट लगेच पुसावे. ते गोड असते आणि कुत्र्यामांजरांना विषारी ठरते.