कॉन्फॉर्मिटीला तुम्ही काय म्हणता?

अडलेली: सामाजिक मानसशास्त्राच्या एका प्रकरणाचं भाषांतर करतेय आणि तीन दिवस एकाच शब्दावर बसलेय, कॉन्फॉर्मिटी, म्हणजे बाकीच्यांचं बघून आपलं मत किंवा वागणं बदलणं. मी ‘अनुरूपता’ लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी काट मारून ‘अनुसारिता’ केलं, आणि आता दोन्ही नको वाटतंय. अनुरूप म्हटलं की मला स्थळच आठवतं. प्रसंग सॉलोमन ॲशच्या १९५१ च्या प्रयोगाचा आहे, तो रेघांचा. समोरच्या रेघेएवढी रेघ तिनातून ओळखायची, लहान मूल सांगेल इतकं सोपं, पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देतात आणि खऱ्या माणसाची पाळी शेवटी शेवटी येते. डोळ्याला एक दिसतंय आणि तोंडातून दुसरं निघतंय, ह्याला आपण बोलताना काय म्हणतो?

जुनाखोड: गतानुगतिकता. ‘गतानुगतिको लोकः’ पाठ केलं नव्हतं का? तयार शब्द असताना नवे कशाला पाडायचे.

भोचक: गतानुगतिक म्हणजे पुढचा गेला म्हणून मागचा गेला, रूढीवाला. ॲशच्या खोलीत कसली आलीय रूढी, फितवलेल्यांची आणि त्या बिचाऱ्याची धड ओळखसुद्धा नव्हती! सरळ ‘री ओढणे’ घ्या. मुख्य गाणारा थांबला की मागचे साथीदार शेवटचा सूर ओढत राहतात, ती री. असा माझा अंदाज.

खडूपाटी: अंदाज बरा आहे पण री ओढणारा खुशीत असतो हो. माझ्या जुन्या ऑफिसात साहेबांची री ओढणारा एक होता, त्याला स्वतःचं मतच नव्हतं, ओढायला काहीतरी मिळालं की झालं. ॲशवाला माणूस अवघडलेला असतो. आणि सगळेच काही ओढत नाहीत. फसव्या १२ फेऱ्या होत्या, त्यात चुकीची उत्तरं ३७ टक्क्यांच्या आसपास, आणि चारातला एक जण तर एकदाही बधला नाही.

अडलेली: बधला नाही! हा शब्द कसा सुचला नाही मला. पण गंमत बघा, ‘तो बधला नाही’ म्हणतो आपण, ‘तो बधला’ मी तरी कधी ऐकलं नाही. म्हणजे जो ऐकत नाही त्याच्यासाठी मराठीत क्रियापद आहे, ऐकतो त्याच्यासाठी नाही.

भोचक: बधिरवरून आलं असणार.

जुनाखोड: कशावरून? दोन अक्षरं जुळली की झाली व्युत्पत्ती?

रांगेतला_शेवटचा: मुळात एकच शब्द का शोधताय? मुझफ्फर शेरीफ ह्या मानसशास्त्रज्ञाचा १९३५ चा प्रयोग घ्या. अंधाऱ्या खोलीत स्थिर ठिपका हलल्यासारखा दिसतो, किती हलला ते सांगायचं, तर एकत्र बसवल्यावर लोकांचे आकडे हळूहळू एकमेकांजवळ सरकले. तिथे कोणी मन मारत नव्हतं, खरंच कळत नव्हतं म्हणून दुसऱ्याचं धरत होते. डॉइच आणि जेरार्डनी १९५५ मध्ये हे दोन दबाव वेगळे काढले, एक दुसऱ्याला जास्त कळत असेल म्हणून, आणि एक आपण वेगळे पडू म्हणून. मी पहिल्याला ‘मत सरकणं’ म्हणेन, दुसऱ्याला ‘मान डोलावणं’. बाकी आपल्याकडचे शब्द सगळे हिणवणारे आहेत, होयबा, नंदीबैल, मेंढरं. पुस्तकात तसं कसं चालेल?

जुनाखोड: म्हणूनच संस्कृतकडे जायचं. त्या शब्दांना हिणवणं चिकटलेलं नसतं.

भोचक: वापरतच नाही कोणी, चिकटणार कुठून?

खडूपाटी: हे भारी 😄 पण कोरा शब्दसुद्धा फसवतो बरं. ग्रुपथिंकला ‘समूहविचार’ लिहिलेलं वाचून माझा मित्र म्हणाला वा, सगळे मिळून विचार करतात. ग्रुपथिंकवरचं अर्विंग जॅनिसचं १९७२ चं पुस्तक नेमकं उलट सांगतं, एकी मोडू नये म्हणून शंका काढायचीच नाही.

भोचक: मग झुंडविचार म्हणा.

खडूपाटी: जॅनिसच्याच पुस्तकातला बे ऑफ पिग्जचा बेत, म्हणजे अमेरिकेचा क्यूबावरचा फसलेला हल्ला, तो मंजूर करणारी माणसं सुटाबुटातली, टेबलाभोवती बसलेली. झुंड म्हटलं की दगडच दिसतात.

जुनाखोड: दगड जमावाच्या हातात असतात. झुंड नुसती येते.

भोचक: काहीही! जमाव पांगतो, झुंड चालून येते, दगड दोघांकडे असतात. आणि घोळका बोलत उभा राहतो, त्याला कोणी मोजतच नाही.

रांगेतला_शेवटचा: टोळकं राहिलं.

अडलेली: माझी कॉन्फॉर्मिटीपण राहिली. उद्या प्रकरण द्यायचंय. सध्या शीर्षकात ‘अनुसारिता’ ठेवते, बाई खूश होतील, आणि आत जिथे माणसं बोलतायत तिथे री ओढणे, मान डोलावणे असं जागा बघून टाकते.

भोचक: म्हणजे बाईंपुढे बधलात.

अडलेली: हो, बधले! ऐकलं एकदाचं हे रूप. बरं, री दीर्घच ना?

जुनाखोड: ओढायची म्हटल्यावर दीर्घच.