शब्दचर्चा : ‘प्रक्रिया’ नेमकी कशावर?

प्रश्न
औषध कारखान्याची जनसुनावणी असली की पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेतच तसं आहे. असा एक मराठी सारांश तपासताना ‘प्रक्रियेत सुधारणा केल्याने प्रदूषण कमी होईल’ या वाक्यापाशी अडले. कोणती प्रक्रिया? औषध बनवण्याची, की सांडपाण्यावरची? खाडीकाठच्या माणसाला फरक कळेल असा शब्द हवाय.

प्रतिसाद (लोटे परशुराम, औषधनिर्मिती)
प्लँटवर हा घोळ होत नाही. आम्ही ‘प्रोसेस’ आणि ‘ट्रीटमेंट’ असं वेगळं बोलतो. मराठी कागदावर मात्र दोन्हींची ‘प्रक्रिया’ होते, आणि मुद्दाच बुडतो.

आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाचं घ्या. जुन्या पद्धतीत सहा टप्पे होते आणि त्यात ॲल्युमिनियम क्लोराइड भरपूर लागे. ते परत वापरता येत नसे, त्याचा गाळच व्हायचा. १९९० च्या दशकात आलेल्या नव्या पद्धतीत तीनच टप्पे राहिले. आधी कच्च्या मालातले वजनाने ४० टक्के अणू औषधात उतरायचे, ते ७७ टक्क्यांवर गेले. इथे ट्रीटमेंट सुधारलेली नाही, घाण मुळात कमी तयार होते. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये हिशेब मांडला होता: एक किलो औषधामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहून जास्त कचरा. त्यात मोठा वाटा सॉल्व्हंटचा, म्हणजे रसायनं विरघळवायला वापरतात त्या द्रवाचा. (पुस्तकात ‘द्रावक’, प्लँटवर हा शब्द मी कधी ऐकला नाही.)

प्रतिसाद (दाभोळ खाडीकाठ)
आमच्याकडे सगळ्याला ‘कंपनीचं पाणी’ म्हणतात. सुधारणा म्हटलं की माणसं पाइपाच्या तोंडाकडे बघतात, आत काय बदललं ते कोण सांगणार? ट्रीटमेंटला ‘शुद्धीकरण’ म्हणा, सरळ कळेल.

प्रतिसाद (लोटे परशुराम)
‘शुद्धीकरण’ला माझा ठाम विरोध आहे. टाकीतले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, विरघळलेले क्षार खात नाहीत. काही औषधांचे अंशही तसेच पुढे जातात. तरी त्याला शुद्ध म्हणायचं, ही बोय मासे पकडून पोट भरणाऱ्यांची फसवणूक होईल. ‘सांडपाण्यावरील प्रक्रिया’ हेच ठेवा, पण दर वेळी पूर्ण लिहा. नुसती ‘प्रक्रिया’ कुठेच नको. दुसऱ्या अर्थासाठी ‘उत्पादनपद्धती’.

प्रश्नकर्ती
पटलं. मग सॉल्व्हंट रिकव्हरी कुठे बसवू? वापरलेलं सॉल्व्हंट ऊर्ध्वपातन करून परत घेतात, म्हणजे त्यातलं बरंचसं सांडपाण्यात जातच नाही.

प्रतिसाद (लोटे परशुराम)
उत्पादनपद्धतीत. ‘पुनर्प्राप्ती’ लिहिलंत तर पुढे ‘म्हणजे गाळून-उकळून परत वापर’ असं नको. गाळण्याने सॉल्व्हंट वेगळं होत नाही. ‘उकळून, वाफ थंड करून परत वापर’ असं लिहा. वाक्य असं होईल: ‘उत्पादनपद्धती बदलल्याने सांडपाणी कमी तयार होईल; उरलेले पाणी सांडपाण्यावरील प्रक्रियेनंतर खाडीत सोडले जाईल.’ आणि किती कमी, तो आकडा त्याच वाक्यात मागून घ्या.