चर्चा: भूमध्य शेतीत जनावरं परत शेतात आणायची का?

माळरान
नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं दक्षिण स्पेनमध्ये आहे. इथली शेती बघताना सतत सलणारी गोष्ट मांडते.

स्पेनमध्ये ३ कोटींहून जास्त डुकरं आहेत, युरोपीय संघात सर्वाधिक. त्यातली बरीचशी ईशान्येकडच्या आरागॉन आणि कातालोनियातल्या बंदिस्त शेडमध्ये वाढतात. त्यांच्या खुराकातलं सोयाबीन बोटीने बाहेरून येतं. त्यांच्या पातळ मलमूत्राने तिथल्या विहिरींत नायट्रेट वाढलं आहे. त्याच देशात दक्षिणेला डोंगरउतारावरच्या ऑलिव्हच्या बागा उघड्याबोडक्या आहेत. नांगरून आणि तणनाशक मारून जमीन गवताविना ठेवली, की हिवाळी पावसाच्या एका सरीत माती ओढ्याला जाते. सेंद्रिय कर्ब बऱ्याच बागांत १ टक्क्याच्या आसपास आहे आणि शेतकरी युरियाची गोणी विकत आणतो. एका टोकाला खत टाकायला जागा नाही, दुसऱ्या टोकाला खत नाही.

जुनी घडी अशी नव्हती. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. वसंतात गवत गुडघ्याएवढं येतं, जूनअखेर ते वाळून जातं. मग मेंढ्या गहू-बार्लीच्या कापलेल्या रानात उतरायच्या. धसकटं, सांडलेलं धान्य, बांधावरचं गवत यावर उन्हाळा निघायचा आणि लेंडीखत फुकट पडायचं. शरद ऋतूत चारा संपत आला की ओक झाडांच्या बिया, म्हणजे बेयोता, गळू लागतात. नैर्ऋत्य स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरातल्या डेहेसात, म्हणजे विरळ ओक झाडांच्या चराऊ रानात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत काळी इबेरिक डुकरं त्यावर सोडतात. हे जवळून बघण्यासारखं आहे. डुक्कर बी तोंडात घेतं, दाढेखाली फोडतं, तुरट साल थुंकून टाकतं आणि फक्त गर गिळतं. झाडाखाली सालींचा खच पडलेला असतो. झाडांच्या मधल्या पट्ट्यात काही वर्षांनी एकदा ओट किंवा बार्ली पेरायची, त्याने झुडपं आटोक्यात राहायची आणि वैरणही मिळायची.

म्हणून माझं ठाम मत: भूमध्य प्रदेशात पीक आणि जनावर वेगळं करणं ही चूक होती, आणि सरकारी पैसा ती दुरुस्त करण्यासाठी खर्च व्हायला हवा.

जिराईत
माळरानताई, चित्र सुंदर आहे, पण मी सहमत नाही. डेहेसाचं उदाहरण सगळेच देतात आणि त्यातला आजार कोणी सांगत नाही.

पहिलं, २०१४ च्या स्पॅनिश नियमानुसार बेयोतावरचं डुक्कर हेक्टरी जास्तीत जास्त सव्वा सोडता येतं. किमान ६० दिवस रानात आणि किमान ४६ किलो वजनवाढ, तरच मांसावर 'बेयोता'चा शिक्का. हे महागड्या हॅमचं अर्थशास्त्र आहे. ३ कोटी डुकरं त्या हिशेबात कधीच बसणार नाहीत. लोकांनी डुकराचं मांस कमी खावं असं म्हणायचं असेल तर तसं म्हणा, ते मला पटेल.

दुसरं जास्त गंभीर आहे. डेहेसातली झाडं म्हातारी झाली आहेत आणि खाली रोपटी नाहीत. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात गेला. त्यानंतर अनुदान डोक्यावर, म्हणजे जनावरांच्या संख्येवर मिळू लागलं. मेंढ्यांच्या जागी गाई आल्या, त्याही वर्षभर एकाच कुंपणात. उगवलेला प्रत्येक ओक खाल्ला जातो. त्यात मुळं कुजवणारा 'सेका' रोग. आपल्याकडे विदर्भात संत्र्यावर डिंक्या आणणारी जी फायटोफ्थोरा, तिच्याच जातकुळीतली बुरशी. ओल्या चिखलाबरोबर खुरांवरून आणि ट्रॅक्टरच्या चाकांवरून ती पसरते. जनावर शेतात आहे म्हणून शेती शाश्वत, हे समीकरण इथेच मोडतं.

अडलेडकर
दक्षिण ऑस्ट्रेलियाचं हवामानही भूमध्य धर्तीचं, म्हणून इथला अनुभव लिहितो. तो दोन्ही बाजूंना थोडा थोडा लागू आहे.

१८८९ मध्ये माउंट बार्करजवळ एमॉस हॉवर्ड या शेतकऱ्याच्या नजरेस एक क्लोव्हर पडलं, जे आपल्या शेंगा जमिनीत खुपसतं. मूळचं भूमध्य प्रदेशातलं, इथे चुकून आलेलं. पुढे ते आणि मेडिक जातीची द्विदल गवतं वापरून एक फेरपालट बसली: एक-दोन वर्षं गहू, मग मेंढ्यांसाठी गवत, मग परत गहू. गवत दरवर्षी पेरावं लागत नाही, कठीण सालीचं बी मातीत दबून राहतं आणि पुढच्या पावसात आपोआप उगवतं. नत्र फुकट, लोकर वेगळी. अनेक दशकं ही पद्धत चालली.

१९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ हीच पद्धत घेऊन लिबिया, अल्जीरियाला गेले. बियाणं त्यांच्याच मातीतलं, हवामान सारखं. तरीही बहुतेक ठिकाणी ती रुजली नाही. तिथे खोल नांगरट करतात, त्यामुळे बी इतकं खाली जातं की उगवत नाही. शिवाय कापणीनंतर रान सगळ्यांच्या कळपांना मोकळं. उन्हाळ्यात मेंढ्या शेंगा वेचून खातात आणि बियाण्याचा साठाच संपतो. ज्याने मेडिक राखलं त्याच्या रानात शेजाऱ्याच्या मेंढ्या चरल्या, मग तो कशाला राखेल?

आणि इथेही १९९१ मध्ये लोकरीची आधारभूत किंमत कोसळली, तेव्हा शेतकऱ्यांनी मेंढ्या विकून कॅनोला (तेलबी) आणि ल्युपिन (कडधान्य) धरलं. आता रायगवत हे तण तणनाशकांना दाद देत नाही म्हणून काही जण परत मेंढ्यांकडे वळलेत. थोडक्यात, भाव आणि तण यांनी निर्णय घेतला.

द्राक्षबाग
नाशिककडचा आहे, स्पेनकडच्या द्राक्षबागांत मेंढ्या सोडतात हे वाचलं. एक शंका: मेंढीला तांबं सहन होत नाही असं आमचे पशुवैद्य सांगतात. आम्ही बोर्डो मारतो, म्हणजे मोरचूदच. वर्षानुवर्षं मारलेलं तांबं मातीत आणि गवतावर असणार. मग हे कसं जमतं?

माळरान
दादा, शंका अगदी बरोबर आहे, आणि इथेही हाच सर्वांत मोठा धोका आहे. तांबं यकृतात साठत जातं आणि मेंढी बरेच दिवस धडधाकट दिसते. म्हणून इथे मेंढ्या बागेत पानगळीनंतर जातात आणि कोंब फुटायच्या आत बाहेर येतात. त्या काळात फवारणी नसते आणि हिरवा कोंब तोंडाला लागत नाही. शिवाय युरोपीय संघाने ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. मात्र तुमच्याकडे वेल असा लांब विसावत नाही, छाटणी वर्षातून दोनदा आणि फवारण्या भरपूर. तेव्हा तुमच्या बागेत मी हे सुचवणार नाही. माती-गवताचं तांबं तपासल्याशिवाय तर नाहीच.

जिराईत, अनुदानाचा मुद्दा मी मान्य करते. पण तो जनावरांच्या विरोधात जात नाही, डोकी मोजण्याच्या विरोधात जातो. पैसा कामाला द्या. दक्षिण स्पेनच्या आंदालुसियात मेंढपाळांना आगपट्ट्या, म्हणजे वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे, चारून ठेवण्याचे पैसे मिळतात. चराई किती झाली हे पाहून रक्कम ठरते. पोर्तुगालमध्ये जून २०१७ च्या पेद्रोगाँव ग्रांद वणव्यात ६६ माणसं गेली. ओस पडलेल्या रानात गवत आणि झुडपं माजली की काय होतं ते तिथे दिसलं.

हिशेबी
सगळे गवताबद्दल बोलताय, माणसाबद्दल कोणी बोलत नाही. ऑलिव्हवाल्याला वर्षातून काही महिने काम असतं. मेंढी असेल तर सणवार, लग्नकार्य, आजारपण काही नाही, ३६५ दिवस बांधलेलं. त्याचा मुलगा सेव्हिया शहरात नोकरी करतो आणि शनिवारी येऊन बाग बघतो. त्याला मेंढ्या पाळ म्हणणं हा अन्याय आहे. पीक आणि जनावर वेगळं झालं ते कुणाच्या मूर्खपणामुळे नाही, त्याने घरातल्या माणसांची सुटका झाली. माझा या पूर्ण कल्पनेलाच विरोध आहे.

रोहिणी
हिशेबीकाका, शेतकऱ्यानेच मेंढ्या पाळायला हव्यात असं कोण म्हणतं? माझं माहेर पुरंदरचं. पिकं निघाली की धनगरांचे वाडे यायचे. आजोबा बोलणी करून आमच्या रानात मेंढ्या बसवायचे, बदल्यात ज्वारी किंवा पैसे. त्या रानात पुढच्या वर्षीचं पीक वेगळं ओळखू यायचं. आमच्या घरात एकही मेंढी नव्हती. पीक एकाचं, कळप दुसऱ्याचा, मधे करार. स्पेनमध्येही मेरिनो मेंढ्यांचे कळप शेकडो मैल चालत जायचे. १२७३ साली राजाने मेंढीवाल्यांच्या मेस्ता संघाला सनद दिली होती. आज १९९५ च्या कायद्याने ते जुने मेंढरमार्ग सार्वजनिक मालकीचे म्हणून राखले आहेत. एकाच शेतात दोन्ही धंदे न आणता दोन घरांत व्यवहार जोडा, तुमचा आक्षेप बराचसा सुटतो.

हिशेबी
बराचसा नाही, थोडा सुटतो. तुमच्या पुरंदरला आता वाडा बसवायला मोकळं रान किती उरलंय? पाणी आलं की दोन-तीन पिकं आणि बारमाही फळबाग, मेंढ्या बसवणार कुठे? तिकडेही तेच. ठिबकवर दाटीने लावलेल्या ऑलिव्हच्या रांगांत फांद्या खालीच असतात, मेंढी शिरली की पानं गेली. आणि मेस्ताचं नाव घेताना हेही सांगा, की तिच्या हक्कांमुळे पीकवाले शेतकरी शतकानुशतकं नाडले गेले. करार दोन्ही बाजूंना समान ताकद असेल तरच करार.

माळरान
मेस्ताबद्दल बरोबर. म्हणूनच नव्या करारात तारीख, मेंढ्यांची संख्या आणि नुकसानभरपाई लिहिलेली हवी, तोंडी नको. दाट लागवडीत मेंढी नको, हेही मान्य. मी बोलते आहे ती उतारावरच्या जुन्या कोरडवाहू बागांबद्दल. त्यांना २०२२-२३ च्या दुष्काळाचा मार बसला, स्पेनचं ऑलिव्ह तेल निम्म्याहून खाली आलं. तिथे मातीत ओल धरून ठेवायला गवत हवं आणि उन्हाळ्याआधी ते गवत कापायला कोणीतरी हवं. यंत्र डिझेल खातं आणि खडकाळ उतारावर चालत नाही.

जिराईत
बागांपुरतं मी तुमच्या बाजूने. डेहेसाबद्दल नाही. ओकचं रोपटं गुरांच्या तोंडाच्या वर जायला वीसेक वर्षं लागतात. तेवढी वर्षं एक तुकडा चराईबाहेर ठेवायचा, तर त्याचं भाडं कोणी द्यायचं? मालक देणार नाही, कारण रोपटं मोठं होईपर्यंत तो नसेल. चराईला पैसे द्यायची योजना आहे तशी न चरण्यालाही पैसे द्यायची योजना आधी करा, मग डेहेसाला शाश्वत म्हणा.

माळरान
रोपट्याभोवती जाळीची पिंजरी लावली तर अख्खा तुकडा बंद करावा लागत नाही, आजूबाजूला चराई चालू राहते. खर्चाची गोष्ट आहे आणि गाईला टिकेल अशी जाळी मेंढीच्या जाळीहून बरीच महाग पडते. म्हणून जिथे झाडं धरायची आहेत तिथे निदान ती वर्षं गाई काढून मेंढ्या आणाव्यात, असं मला वाटतं. यावर तुमचं मत वाचायला आवडेल.