चायकोव्हस्कीची पत्रे आणि चौथी सिंफनी

आपल्या आश्रयदात्या नादेझ्दा फॉन मेक यांना लिहिलेल्या पत्रात रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने चौथ्या सिंफनीचा (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा) अर्थ स्वतःच उलगडून दाखवला आहे, त्यामुळे आता वादाला जागा उरत नाही, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. सुरुवातीची तुतारीसारखी ललकारी म्हणजे नियती, हे त्याने १८७८ मध्ये फ्लॉरेन्सहून लिहिले हे खरेच. पण त्याच पत्राच्या ताजा कलमात, पाकिटात घालण्यापूर्वी मजकूर पुन्हा वाचला तेव्हा तो किती अस्पष्ट आणि अपुरा आहे हे पाहून आपण हादरलो, अशी कबुलीही आहे, आणि उतारे देणारे नेमके तेवढेच गाळतात.

शिवाय, ज्या फॉन मेक बाईंकडून त्याला वर्षाला ६००० रूबल मिळत आणि ज्यांना ही सिंफनी अर्पण केली होती, त्यांनी अर्थ विचारल्यावर काहीतरी सांगणे भागच होते. मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयातला त्याचा जुना विद्यार्थी, संगीतकार तानेयेव मात्र भीडभाड न ठेवता टीका करी. या सिंफनीत बॅले संगीताची छाया दिसते, असे त्याने कळवल्यावर चायकोव्हस्कीने उत्तरात तिच्यामागे आशय असल्याचे मान्य केले, पण तो शब्दांत मांडता येणार नाही असे बजावले आणि कल्पनेच्या बाबतीत आपण बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचेच अनुकरण केल्याचे सांगितले. व्यावसायिक सहकाऱ्याला लिहिलेले हे पत्र मला अधिक विश्वासार्ह वाटते.