लॅपटॉप टीव्हीला वायरलेस जोडला की आवाज तडतडतो – मदत हवी आहे

अर्धविराम
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. लॅपटॉप टीव्हीला वायरलेस जोडला की चित्र व्यवस्थित दिसतं, पण आवाज तडतडतो. लाह्या फुटाव्यात तसा, दर दोन-चार सेकंदांनी. संवादांत तर शब्दाचं शेपूटच कापलं जातं. तोच सिनेमा लॅपटॉपच्या स्पीकरवर स्वच्छ ऐकू येतो. ड्रायव्हर अपडेट केला, दोन्ही बंद करून चालू केलं, काडीचा फरक नाही. वडिलांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवावा लागतो आणि मग ती तडतड कानात घुसते. शनिवारी सगळे मिळून बघायचं ठरलंय. उपाय सांगा.

सोनटक्का
एचडीएमआय केबल लावा, विषय संपला. मी दोन वर्षं वायरलेसच्या नादात घालवली, शेवटी केबलवर आलो.

अर्धविराम
केबल नको. टीव्ही भिंतीला चिकटून आहे, मागच्या पोर्टपर्यंत हात जात नाही. वायरलेसचंच सांगा.

तारायंत्र
वायरलेस म्हणजे नक्की कसं जोडता? मिराकास्टने (लॅपटॉपचा अख्खा पडदा थेट टीव्हीवर), क्रोममधून टॅब कास्ट करून, की फक्त आवाज ब्लूटूथने पाठवता? तिन्हींची दुखणी वेगळी. विंडोज कोणतं तेही लिहा.

अर्धविराम
विंडोज १०. विंडोजचं बटण आणि के दाबतो, यादीतून टीव्हीचं नाव निवडतो. त्याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

जुनाखोडरबर
मोबाईलवरून जोडत असाल तर आधी मोबाईलचं बॅटरी सेव्हर बंद करा. आमच्याकडे त्यानेच आवाज अडखळत होता.

अर्धविराम
मोबाईल नाही हो, लॅपटॉप आहे. शीर्षकातच लिहिलंय.

रानवारा
साउंडच्या सेटिंगमध्ये जा, टीव्हीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे आवाजाचा सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ असेल तर ४८ करा. शेजारच्या टॅबमधली सगळी एन्हान्समेंट्स, म्हणजे आवाजावरचे जादा इफेक्ट, बंद करा. माझी खरखर एका मिनिटात गेली होती.

तारायंत्र
रानवारा, एन्हान्समेंट्स बंद करून बघायला हरकत नाही. पण ४४.१ चं ४८ विंडोज स्वतःच करून घेतं, त्याने दर दोन-चार सेकंदांनी आवाज तुटत नाही. हे मिराकास्ट आहे. त्यात लॅपटॉप राउटरला वगळून सहसा थेट टीव्हीशी बोलतो, वायफाय डायरेक्टने. त्याच वेळी तेच वायफाय कार्ड राउटरशीही जोडलेलं असतं. दोन्हीकडचे वायफाय चॅनेल, म्हणजे लहरींचे पट्टे, वेगळे असले तर कार्डाला सतत इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. चित्रातली एखादी फ्रेम हुकली तर डोळा चालवून घेतो, पण आवाजात काही मिलिसेकंदांची फट पडली तरी कान लगेच पकडतो.
अर्धविराम, वायफायच्या नावाखाली प्रॉपर्टीज उघडा. तळाशी नेटवर्क बँड लिहिलेला असतो. २.४ गिगाहर्ट्झ की ५?

रानवारा
मी अनुभव सांगितला. माझ्याकडे त्यानेच गेलं, हे कसं नाकारणार?

तारायंत्र
नाकारत नाही. एन्हान्समेंट्समुळे गेलं असेल. तुम्ही दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्यात, म्हणून कशाने गेलं ते कळत नाही, एवढंच म्हणणं.

अर्धविराम
२.४. एन्हान्समेंट्स बंद केल्या, फरक नाही. मग मीच लॅपटॉप ५ वर टाकला, तर उलट वाढलं!

तारायंत्र
टीव्हीच्या वायफाय यादीत तुमचं ५ वालं नेटवर्क दिसतं का?

अर्धविराम
नाही. एकच दिसतं, २.४ वालं.

तारायंत्र
म्हणजे टीव्हीला ५ कळतच नाही बहुतेक. लॅपटॉप राउटरशी ५ वर आणि टीव्हीशी २.४ वर, म्हणून उड्या वाढल्या. परत २.४ वर या. नेटची गरज नसेल तेव्हा राउटरचं कनेक्शन तोडा, पण वायफाय बंद करू नका, नाहीतर टीव्हीही सुटेल.

अर्धविराम
केलं. थोडं कमी झालं, गेलं नाही. आता एक लक्षात आलं: काल यूट्यूब लावलं होतं तेव्हा जवळजवळ नव्हतंच. सिनेमालाच जास्त होतं.

सोनटक्का
सिनेमा असतो कुठे? लॅपटॉपमध्येच?

अर्धविराम
नाही, बाहेरच्या हार्डडिस्कवर. डाव्या बाजूच्या निळ्या पोर्टला लावलेली असते.

सोनटक्का
मग ती काढून बघा. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३. डिस्क चालू असली की माझा वायरलेस माऊससुद्धा अडखळायचा.

तारायंत्र
सोनटक्का, हे मी विचारायला हवं होतं. यूएसबी ३ ची केबल आणि जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तुमच्या वायफायच्याच पट्ट्यात, रेडिओ लहरींचा गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. लॅपटॉपचे वायफाय अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतात आणि डिस्क त्यांच्या अगदी जवळ येते. सिनेमा लॅपटॉपमध्ये कॉपी करा, डिस्क काढा आणि मग लावा.

जुनाखोडरबर
सबटायटल मराठीत दिसायला कोणता प्लेअर चांगला? अक्षरांऐवजी चौकोन येतात.

अर्धविराम
मंडळी, सापडलं! सिनेमा कॉपी केला, डिस्क काढली आणि लावला. पंचवीस मिनिटं एकदाही तडतड नाही. खात्री करायला सिनेमा चालू ठेवूनच डिस्क परत निळ्या पोर्टला लावली आणि दुसरी फाइल कॉपी करायला घेतली. कॉपीची हिरवी पट्टी सरकायला लागली तशी तडतड सुरू. कॉपी थांबवली, डिस्क काढली, आवाज साफ. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

तारायंत्र
उत्तम. डिस्कवरूनच चालवायचं झालं तर काळं यूएसबी २ चं पोर्ट वापरा, सिनेमाला तो वेग पुरतो. नाहीतर यूएसबी ३ ची चांगली शील्ड (गोंगाट अडवणारं आवरण) असलेली लांब केबल घेऊन डिस्क लॅपटॉपपासून हातभर दूर ठेवा.

रानवारा
धाग्याच्या वर उत्तर लिहून ठेवा, पुढच्याला शोधावं लागणार नाही.

अर्धविराम
लिहितो. शनिवारच्या दोन्ही फाइल आत्ताच कॉपी करून ठेवल्या. वडिलांना बसवून एक प्रसंग ऐकवला, त्यांनी आवाज चार घरं कमी करायला सांगितलं. सोनटक्का, तारायंत्र, मनापासून आभार.
जुनाखोडरबर, सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडून एन्कोडिंग यूटीएफ-८ करून सेव्ह करा आणि प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट निवडा. माझे चौकोन त्याने गेले होते.