वनस्पतिजन्य डासनिवारकांना सरकारी नोंदणीची सक्ती असावी का?

रानवाटा
कडुलिंबाची कीटकनाशके विकायची असतील, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी करावी लागते. मात्र याच कायद्याचे ३८ वे कलम स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी केलेल्या वापराला सूट देते. म्हणजे निंबोळ्या कुटून पाच टक्के अर्क आपल्या कपाशीवर फवारणारा शेतकरी मोकळा राहतो आणि तोच अर्क बाटलीत भरून विकू पाहणारा बचत गट विषारीपणाच्या व परिणामकारकतेच्या कागदपत्रांत अडकतो. हा खर्च कारखानदाराला झेपतो, गटाला नाही. अमेरिकेने १९९६ मध्ये सिट्रोनेला, गवती चहा, लवंग यांची तेले किमान जोखमीची ठरवून केंद्रीय नोंदणीतून वगळली. आपणही कडुलिंब, निरगुडी आणि सिट्रोनेला यांच्या डासनिवारकांना सरसकट सूट द्यावी, असे माझे मत आहे.

साशंक
अमेरिकेचा दाखला आपण अर्धाच दिला आहे. तिथे सूट आहे ती ठरावीक यादीतील घटकांनाच, आणि कडुलिंबाचे तेल त्या यादीत नाही. शिवाय वेष्टनावर घटक जाहीर करावे लागतात आणि डासांमुळे होणाऱ्या एखाद्या रोगापासून संरक्षण मिळते, असा दावा करता येत नाही. आपल्याकडे ‘हर्बल’ म्हणून खपणाऱ्या डासांच्या अगरबत्त्यांत मेपरफ्लुथ्रिन, डायमेफ्लुथ्रिन यांसारखी नोंदणी नसलेली कृत्रिम रसायने आढळली आहेत. उद्या वनस्पतिजन्य म्हणवणाऱ्या मालाला सरसकट सूट मिळाली, तर पहिला फायदा याच मंडळींना होईल, बचत गटांना नव्हे. केरळमध्ये १९५८ साली पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्या घटनेतूनच पुढे हा कायदा आला, हेही विसरू नये.

रानवाटा
पॅराथिऑन आणि निरगुडीचा पाला एकाच तराजूत तोलण्याचे कारण मला कळत नाही. भेसळीच्या अगरबत्त्या तर कायदा असतानाच राजरोस विकल्या जात आहेत. तिथे कमतरता अंमलबजावणीची आहे, आणि तिची भरपाई प्रामाणिक लहान उत्पादकाकडून का घ्यावी?

गवतीचहा
विषारीपणाइतकाच परिणामकारकतेचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो दोघांनीही बाजूला ठेवला आहे. सिट्रोनेलाचे तेल लवकर उडून जाते, त्यामुळे त्याचे संरक्षण बहुधा तासा-दोन तासांतच ओसरते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मात्र दिवसा चावतो. सकाळी मुलाच्या हातापायांना तेल चोळून त्याला शाळेत पाठवणारी आई दुपारपर्यंत निर्धास्त असते, ती केवळ बाटलीवर वेळ छापलेली नसते म्हणून. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणाऱ्या पीएमडी या घटकाची चाचणी झालेली आहे आणि अमेरिकेतील अशा उत्पादनांवर तीन वर्षांखालील मुलांना लावू नये अशी सूचना असते. दुकानातील साधे निलगिरीचे तेल म्हणजे पीएमडी नव्हे. धुरीलाही मी सूट देणार नाही. एका डासांच्या कॉइलच्या धुरातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ मधील एका अभ्यासात दिसले होते, आणि कॉइलमध्ये कडुलिंब घातल्याने जळणाऱ्या भुशाचा धूर काही कमी होत नाही. कृषी विद्यापीठांनी तेलांची काही प्रमाणित मिश्रणे स्वतः तपासून द्यावीत, गटांनी तीच बनवावीत आणि संरक्षणाची वेळ वेष्टनावर छापावी. मग प्रत्येक गटाला वेगळ्या चाचणीचा खर्च पडणार नाही.

रानवाटा
ही तडजोड मला चालेल. सरसकट सूट म्हणताना धुरीही त्यात आली होती, तेवढा आग्रह मी सोडतो.

साशंक
मिश्रण प्रमाणित झाले तरी कच्चा माल प्रमाणित होत नाही. कडुलिंबातील अझाडिरॅक्टिन या कीटकरोधक घटकाचे प्रमाण झाडागणिक आणि साठवणुकीनुसार बदलते, उन्हात ते झपाट्याने घटते. म्हणूनच दुकानातील नोंदणीकृत बाटलीवर १५०० किंवा १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असे प्रमाण लिहिलेले असते. गटाच्या प्रत्येक खेपेची तपासणी कोण करणार, आणि खेप निकामी निघाली तर जबाबदारी गटाची की मिश्रण ठरवून देणाऱ्या विद्यापीठाची?