मदत हवी आहे: हॉवरक्राफ्ट जमिनीवर पळते, पाण्यावर वेगच घेत नाही

खटपट्या: स्वतः बांधलेले हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या उशीवर तरंगणारे यान, मैदानावर सुरेख पळते. पाण्यावर मात्र इंजिन पूर्ण ताकदीने चालवले तरी ते ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या पुढे जात नाही, नाक वर करते आणि सगळे तुषार अंगावर येतात. पंखा बदलावा का? कृपया लवकर सांगावे.

मोजपट्टी: वजन, लांबी, हवेच्या उशीचे क्षेत्रफळ, पाण्याची खोली, स्कर्टचा (ही हवा कोंडून धरणाऱ्या कडेच्या लवचिक झालरीचा) प्रकार यांपैकी काहीच आपण दिलेले नाही.

दर्यावर्दी: मोठे इंजिन बसवा, प्रश्न मिटेल.

खटपट्या: माझ्यासकट २४० किलो, क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, लांबी अडीच मीटर, पाणी गुडघाभर. पण हेच वजन घेऊन ते जमिनीवर पळते, मग वजनाचा संबंध कुठे येतो?

मोजपट्टी: तिथेच येतो. चौरस मीटरला ६० किलो म्हणजे ६ सेंटीमीटर पाण्याइतका दाब. जमीन त्याने दबत नाही, पाणी दबते आणि उभ्या यानाखाली तेवढाच खळगा पडतो. यान पुढे सरकू लागले की या खळग्यामुळे लाट उठते आणि ते आपल्याच लाटेचा चढ चढत राहते. आपल्या लांबीला हा चढ, ज्याला हम्प म्हणतात, ताशी १० किलोमीटरच्या आसपास सर्वांत कठीण असतो. तो ओलांडला की मागे खेचणारी ओढ घटते. उथळ पाण्यात तो अधिकच जाचतो.

दर्यावर्दी: म्हणजे ताकदच हवी, मी वेगळे काय म्हणालो?

मोजपट्टी: वाढीव इंजिनाचे वजन खळगा आणखी खोल करील, हे आपण सोडून देता.

इतिहासप्रेमी: यानिमित्ताने नोंदवतो की २५ जुलै १९५९ रोजी एसआर-एन१ या हॉवरक्राफ्टने कॅले ते डोव्हर अशी इंग्लिश खाडी ओलांडली. तेव्हा त्याला स्कर्ट नव्हता, आणि हॉवरक्राफ्टचे जनक ख्रिस्तोफर कॉकरेल स्वतः हलते वजन म्हणून यानावर होते.

खटपट्या: माझा प्रश्न इतिहासाचा नव्हता.

मोजपट्टी: तरी उत्तर त्यातच आहे. चढ लागताच शरीराचे वजन पुढे न्या आणि तो ओलांडताच मागे या, नाहीतर नाक पाण्यात घुसेल. शक्य असल्यास जमिनीवरच वेग घेऊन खोल पाण्याकडे उतरा. पंख्याला तूर्त हात लावू नका. स्कर्ट एकसंध पिशवीचा आहे की सुट्या तुकड्यांचा, आणि त्याच्या मागच्या कडेत पाणी साठते का, हे अजून आपण सांगितलेले नाही.